सोमवारचा भोंगा

सोमवारी सकाळचे दहा वाजत आले की आजही मी हातातलं वर्तमानपत्र टाकून घरभर फेऱ्या मारतो. बायको म्हणते, "निवृत्त झालात, आता तरी बसा." पण बोईसरच्या पोलीस ठाण्यात असतानाचं ते प्रकरण मला बसू देत नाही.

औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात धोक्याच्या भोंग्याची वायर कुणीतरी कापत होतं. दर सोमवारी दहाला भोंगा वाजवून पाहायची तिथली पद्धत. दुरुस्ती करूनही लागोपाठ तीन सोमवार तो वाजला नाही. तेव्हाच वायू गळला असता, तर आतल्या शेकडो माणसांना पळा म्हणून सांगणारं काही नव्हतं. व्यवस्थापकाला घातपाताचा संशय होता. मलाही होता, आणि खरं सांगतो, मोठा मासा गळाला लागणार म्हणून मी खूश होतो.

खबर दिली गेटवरच्या रिक्षावाल्याने. "साहब, एक फिटर हर सोमवार पौने दस बजे भागता हुआ निकलता है. भाड़ा नहीं पूछता, बोलता है बस दूर ले चलो."

फिटर चाळिशीचा, मनोरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचा. बेटेगावात भाड्याच्या खोलीत राहायचा. चौकशीसाठी आणला, स्टेशन डायरीत नोंद केली, समोर बसवला. दोन तास एकच उत्तर. "मला ठाव नाय, सायेब." डोळे मात्र सारखे दाराकडे. दाराकडे पाहणारा माणूस काहीतरी लपवतो, हा माझा तीस वर्षांचा ठोकताळा. संयमही माझा बेताचाच. मी टेबलावर लाठी आपटली.

तो क्षणात टेबलाखाली गेला. कान दाबून थरथरत बसला. आमचे हवालदार हसले. "नाटक करतोय, साहेब."

मी पुन्हा आपटली. त्याची पँट ओली झाली. "दार उघडा, दार उघडा," असं तो ओरडू लागला. दार तर उघडंच होतं. मला माझीच लाज वाटली.

बाहेर डबा घेऊन बसलेली त्याची बायको कुणाला न विचारता आत आली. त्याच्याजवळ जमिनीवर बसली, पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"हा आदी दुसऱ्या कंपनीत व्हता. तिथं टाकी फुटली. भोंगा वाजत व्हता, दार अडकलेलं, आन् याचा सोबती आतून ठोकत व्हता. दोन वर्सं झाली. मी घरात कुकर लावत नाय, सायेब. शिटी झाली का हा भिंतीला चिकटतो. भगतालाबी दाखवला."

मग टेबलाखालूनच तो म्हणाला, "भोंगा वाजला का मला तोच जळका वास येतो. वायर मीच कापली. तरी भरोसा नाय वाटायचा, म्हणून पळायचो."

गुन्हा उघडकीस आला, पण आनंद कसला? दुसऱ्या दिवशी मी त्याला सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पीटीएसडी असं नाव सांगितलं आणि मला समजावलं, "प्रसंग संपलाय हे त्याच्या शरीराला अजून कळलेलं नाही. हा वेडाही नाही आणि ढोंगीही नाही."

त्याला जामीन मिळाला. त्यांचा अहवाल मी आरोपपत्राला जोडला. व्यवस्थापकाशी भांडलो. शेवटी त्याने अट घातली की चाचणीच्या वेळी हा माणूस गेटच्या आत उभा राहिला, तरच नोकरी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दिवस मी ठरवीन."

गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. बायको शेजारी आणि मोबाइलवर भोंग्याचा आवाज, आधी अगदी बारीक. कधी तो अर्ध्यातून उठून जायचा, कधी दोन आठवडे फिरकायचाच नाही. अशा वेळी, ठाण्यात त्याला हसलेले हवालदारच त्याची समजूत काढून मोटरसायकलवर घेऊन जात.

सात महिन्यांनी तो सोमवार आला. मी त्याच्या शेजारी उभा होतो. भोंगा सुरू झाला तसं त्याने माझं मनगट पकडलं. नखं रुतली. तिथून पळावंसं मलाच वाटत होतं.

भोंगा थांबला. त्याने हवेत वास घेतला.

"आला वास, सायेब. पन थोडा. दार दिसत व्हतं."

त्याची नोकरी राहिली. मी त्यानंतर चौकशीच्या खोलीत लाठी नेली नाही. लोक त्याबद्दल माझं कौतुक करतात, तेव्हा मी विषय बदलतो. कारण त्याआधीच्या तीस वर्षांत किती जण असे थरथरले आणि आम्ही नाटक म्हणून हसलो, ते मला आठवत नाही. सोमवारी दहाला मी त्यांचेच चेहरे आठवायचा प्रयत्न करतो.