उजवा खडक

आमच्या माझारुनी नदीवर होडीच्या पुढच्या टोकाला बसणाऱ्याला देवाच्या खालोखाल मान असतो, आणि शिव्या देवापेक्षा जास्त. नदी खडकांमधून फेसाळत खाली घसरते त्या उतरणीत मागे इंजिनावर बसलेल्याला काही दिसत नाही. तो फक्त पुढच्याचा हात बघून होडी वळवतो.

एग्बर्टकाका माझ्या जन्माआधीपासून त्या टोकाला बसत आलाय. नजर कायम दोन खडकांमधल्या गुळगुळीत पाण्यावर. खडक नुसते डोळ्याच्या कडेने. "एका खडकाला मन दिलं की तो दुसऱ्याला नजरेत लांब ढकलतो," असं म्हणायचा. मला वाटायचं, म्हातारा भाव खातोय.

गेल्या पावसाळ्यात 'दात' नावाच्या उतरणीत उजवा खडक होडीत घुसला आणि काकाचा धाकटा मुलगा, ओरिन, बुडाला.

आणि आज त्याच दातातून काका आपल्या मुलीला, इव्हेटला, खाली बार्टिका गावच्या दवाखान्यात नेत होता. दिवस भरलेले, पाय सुजलेले. नर्सबाईंनी सांगितलं होतं, आजच न्या. इंजिनावर लॉइडमामा, म्हणजे काकाचा मेहुणा. मी मधे, पाणी उपसायला.

पहिल्यांदाच उतरणीतून जाणाऱ्याच्या डोळ्यांत आमच्याकडे मिरचीचं पाणी घालतात, खडकाची नजर लागू नये म्हणून. मामाने बाटली काढली. "बाळाची पहिलीच खेप आहे, इव्हेट."

"मग बाळाच्याच डोळ्यांत घाल," ती म्हणाली. "जा, शोध."

आम्ही हसलो. तेवढ्यात पहिली, लहान उतरण आली. काकाचा हात सांगत होता, सरळ. आणि डावीकडून खडक आला तो थेट होडीच्या फळीला घासत गेला.

"एग्बर्ट! आंधळा झालास का रे?" मामा ओरडला. "केवढा धोंडा तो!"

"लांब होता."

"लांब? माझ्या बुडाखालून गेला!"

"मला लांबच दिसला," काका हळूच म्हणाला. "मन उजवीकडच्या खडकाला चिकटलं होतं. ओरिन गेल्यापासून असंच होतंय."

मामाने इंजिन हळू केलं. खाली दाताची घरघर ऐकू येत होती. उतरून जंगलातून पायी वळसा घालायचा, तर इव्हेटच्या पायांना जमणार नव्हतं.

"मी बसतो पुढे," मी म्हणालो.

"तुला ताटातला मासा दिसत नाही," मामा म्हणाला.

काका म्हणाला, "इव्हेट, इकडे ये."

ती पोट सावरत पुढे सरकली.

"उजवा तुझा. मी त्याच्याकडे मन देणार नाही. किती जवळ आला, ते बोलत राहा. गप्प बसलीस, तर मन तिकडे जाईल."

"घाबरले तर?"

"घाबर. पण बोल."

पाण्याने होडी ओढून घेतली. गर्जनेत तिचा आवाज तेवढा टिकून होता. "लांब आहे, बाबा... लांब... येतोय... बाबा, येतोय!" मी डोळे मिटले, मिरचीची गरजच पडली नाही. वल्ह्याचा टोला दगडावर बसला. उघडून बघतो तर काकाने डाव्या खडकाला रेटा दिला होता, अगदी वेळेवर. उजवा इव्हेटच्या कोपराजवळून सरकत होता, ओला, काळा. काकाची मान वळली नाही.

"गेला," ती म्हणाली. "बाबा, मागे गेला."

पाणी संथ झालं तरी काकाचा हात हवेत तसाच ताठ. मामा त्याच्याकडे बघून होडी सरळ हाकत राहिला. शेवटी इव्हेटनेच तो हात धरून खाली घेतला.

अजून दोन उतरणी बाकी होत्या. ती पुढच्या टोकावरून हलली नाही.