म्हातारबाच्या कानात

शी! आटवलेल्या गोड दुधाचा डबा पाहिला की मला अजून मळमळतं. घरातली हसतात. म्हणतात, उस्तिन्या आत्या गेली आणि तिचं वेड हिच्या अंगात शिरलं. शिरू दे. निदान एक तरी शहाणं माणूस उरेल या घरात.

उस्तिन्या आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. ठेंगणी, पुढचा एक दात सोन्याचा, आणि नाक असं की कुणी काल काय खाल्लं ते आज सांगेल. दरवर्षी ऑगस्ट सरता सरता आम्ही सातआठ जण आमच्या शोरिया मुलखातल्या वरच्या डोंगरावर महिनाभर तळ ठोकायचो. पुरुष मोठ्या लाकडी घणाने देवदाराचं खोड ठोकायचे, वरून शंकू कोसळायचे, आम्ही बायका ते भरडून, चाळून चिलगोजे काढायचो. तळाची कारभारीण आत्या.

त्याच शंकूंवर म्हातारबाही हिवाळ्याची चरबी चढवतो. म्हणजे अस्वल. आता घरात बसलेय म्हणून नाव घेतलं, रानात नाही घेत आम्ही. त्याला ऐकू जातं.

तर आत्याला खरकट्याची भयंकर शिसारी. रिकामा डबा दिसला की शेकोटीत घालायची, काळाठिक्कर होईपर्यंत जाळायची, कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचून चपटा करायची आणि पोत्यात भरून खाली गावात न्यायची. माशाची आतडी तळापासून लांब, खालच्या अंगाला, वाहत्या पाण्यात. झऱ्यावर जायचं तर दोघींनी, बादली बडवत.

"तुमच्या उष्ट्याची चटक लागली ना त्याला," ती म्हणायची, "की पाहुणा म्हणून नाही, जावई होऊन येईल तो!"

माझा नवरा वेन्या तिला चिडवायचा. "काय आत्या, डब्यांचं दफन झालं का? चाळिसाव्या दिवसाच्या श्राद्धाला जेवायला बोलाव हं!"

"आधी तुझंच उरकते, मेल्या!"

पण या जाळण्या-ठेचण्यामागे दुसरंच दुखणं होतं. आमच्यात म्हातारबाला मारावं लागलं तर सर्वांत वडीलधारं माणूस त्याच्या कानाशी वाकून सांगतं, 'आम्ही नाही रे बाबा मारलं तुला, शंकू काढताना झाडावरून पडलास तू.' म्हणजे त्याचा जीव आमच्यावर रुसत नाही. तिचा नवरा गेल्यानंतरच्या साली आत्यावर ती पाळी आली होती. त्यानंतर आठ दिवस तिला अन्न गेलं नाही. "मेलेल्याच्या कानात खोटं बोलायला पुन्हा लावू नका मला," एवढंच म्हणाली होती.

आणि आमच्या दिवट्या वेन्याने काय केलं? आटवलेल्या दुधाच्या निळ्या-पांढऱ्या डब्याला दोन भोकं पाडायची, अर्धं दूध स्वतः चोखायचं आणि उरलेला डबा झऱ्यापलीकडच्या बुंध्यावर ठेवायचा. कशासाठी? तर फोनमध्ये चित्रफीत काढायला! तंबूत मला दाखवली. कोवळाच होता म्हातारबा, दोन्ही पंजांत डबा धरून तान्ह्या बाळासारखा चाटत होता. मी हसले. वर "पुन्हा नको हं" म्हणाले, पण अशा लाडात की कुठलाही नवरा पुन्हा करेल.

केलंच त्याने. चार दिवसांत म्हातारबा पायवाटेवर दिसू लागला. मग भरदुपारी टरफलांच्या ढिगाशी. आम्ही बादल्या बडवल्या, ओरडलो, घसे बसले. तो हलेना. उलट मान वर करून वास घेत उभा, जणू कुणी वाढायला येणार आहे. दुसऱ्या दिवशी त्याने पिठाचं पोतं ओढून नेलं, तेही तळावरचा कुत्रा भुंकत असताना.

सकाळी चहाला आत्याने सगळ्यांना बसवलं. चहात सातू कालवत होतो आम्ही.

"याची भीती कुणीतरी मोडलीय," ती म्हणाली. "खायला घातलंय त्याला. कोण ते आत्ता सांगा. शिव्या देईन, मारणार नाही. आजच्या आज तळ उठवू, तो विसरेल, जगेल. नाही सांगितलंत तर एक तर तो मरेल, नाही तर आपल्यातलं कुणीतरी."

आठवड्याचं काम उरलं होतं. वेन्या आभाळाकडे बघत बसला. मी सातू ढवळत राहिले. किती ढवळला! त्याची पार खळ झाली.

दोन दिवसांनी मी चुलीपाशी एकटी होते. मागून आधी वास आला. कुजका, गोडसर. वळले तर मांडवाखाली तो, माझ्यापासून दोन हातांवर. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, आत्याचं सगळं पाठ होतं मला. पण मी मटकन खालीच बसले. त्याने तोंड उघडलं तेवढ्यात आत्याच्या बंदुकीचा बार झाला. मग दुसरा.

सगळे जमले. आत्याने काठीने त्याचा जबडा उघडला आणि मी तोंड फिरवून भडाभडा ओकले. जीभ मधोमध चिरलेली, हिरवीकाळी पडलेली, आणि हिरडीत निळ्या-पांढऱ्या डब्याचा पत्रा रुतलेला. शंकू फोडता येत नव्हते बिचाऱ्याला. उपाशी होता, म्हणून जिथे आयतं मिळालं होतं तिथे आला.

वेन्या पुटपुटला, "आत्या, आता ते कानातलं सांगून टाक. रीत आहे."

आत्या वाकली. ती तशीच उठली.

"काय सांगू? झाडावरून पडलास म्हणू? तोंडात पत्रा घेऊन? थू तुमच्या तोंडावर! वेन्या, इकडे ये. गुडघे टेक. तू सांग."

"आत्या, सगळे बघतायत गं..."

"बघू देत!"

टेकले त्याने गुडघे. "मी दिला डबा," म्हणाला, जेमतेम ऐकू येईल असं. आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. सुटले एकदाची, असं. स्वतःची एवढी किळस मला जन्मात आली नव्हती.

मान वर केली तर आत्या माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. खूप दमलेली दिसत होती.

"सूनबाई," ती म्हणाली, "त्या दिवशी सातू फार ढवळलास गं."

मी उठले. वेन्याच्या शेजारी गुडघे टेकून बसले, त्या कानाशी वाकले. कानाचे केस अजून ऊन होते.

"मी हसले होते," मी म्हटलं.