लाखाचा दाखला

कॉलेजच्या फीमाफीसाठी सरकारला मुख्य कागद एकच लागायचा, बापाचं उत्पन्न कमी असल्याचा तलाठ्याचा दाखला. आमच्या कळंबकडे तो मिळवणं अवघड नव्हतं. वर्गातल्या एका मुलाचे वडील स्वतःच्या जीपमधून हा दाखला द्यायला आले होते. त्यातलं वर्षाचं उत्पन्न त्या जीपच्या डिझेललाही पुरलं नसतं. सरकारने ते निमूट मान्य केलं.

आम्ही खरोखरचे गरीब, म्हणून आमचंच अडलं.

झालं असं, की थोरल्या भावासाठी सोयरीक आली होती आणि मुलीकडची मंडळी घरदार बघायला आली होती. वडिलांनी त्यांना सातबारा दाखवायला थेट चावडीत नेलं. फॉर्मची मुदत संपत आली होती, म्हणून मीही मागोमाग गेले. तलाठी भाऊसाहेबांनी फॉर्म ओढला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "उत्पन्न किती लिहू?"

वडिलांनी पाव्हण्यांकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला.

"लिवा की राव लाखभर. आपल्याला काय कमी हाय?"

चार एकर खडकाळ रान, पावसावरची बाजरी, एक भाकड म्हैस. लाखभर म्हणे! आणि ते भाऊसाहेब! अख्ख्या गावाचं उत्पन्न कमी करून लिहिण्यात हयात गेली, आणि नेमके त्या दिवशी सांगितलं तसंच लिहून मोकळे झाले. मीही तो दाखला घडी करून पिशवीत टाकला.

कॉलेजच्या कारकुनाने दाखला वाचून फॉर्म परत केला. "बसत नाही तुमचं. बड्या घरची तुम्ही, फी भरा की."

दाखला बदलून आणा म्हणून मी वडिलांच्या मागे लागले.

"येडी का खुळी तू? पावण्यांच्या कानावर गेलं म्हंजे? लगीन व्हऊ दे, मग बघू."

आईने त्यांचीच री ओढली. घरात पैसे नव्हते आणि नाहीत म्हणायची चोरी. त्या बडेजावाची मला तेव्हा किळस आली, अजूनही येते.

वैशाखात लग्न झकास झालं. पंगतीत व्याह्यांनी विचारलं, "पोरगी काय करती?"

"कालेजात हाय की! लई हुशार," वडील म्हणाले.

मी तिथेच भाताचं पातेलं घेऊन उभी होते. कॉलेजच्या पटावरून माझं नाव दिवाळीआधीच कमी झालं होतं. व्याह्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांना आणखी भात वाढला.