डायवर सोडून तीन सीटा

खुलताबाद ते औरंगपुरा या रस्त्यावर मुंजाबाची काळी-पिवळी जीप कैक वर्षं धावली, पण सीटा भरल्याशिवाय ती एकदाही सुटली नाही. आत बसलेले पाशिंजर घामानं निथळत ओरडायचे, "आता तरी काढा की राव गाडी!" आणि हा बाबा दरवाजाला लटकून खुशाल पुकारत राहायचा, "ए औरंगपुराऽऽ, औरंगपुरा-औरंगपुरा-औरंगपुरा! येकच सीट, येकच सीट!" ती एकच सीट म्हणजे निदान चार माणसं असायची. कुणी म्हणालं, जागा कुठंय, तर उत्तर ठरलेलं, "सरका की वाईच. बसतंय. समदं बसतंय." आणि कमाल म्हणजे बसायचंच.

एक नियम मात्र त्यानं कधी मोडला नाही. एकदा बसलेल्या माणसाला खाली उतरवायचं नाही. पुढं पोलीस उभा दिसला, तर मुंजाबा स्वतः उतरून हात जोडायचा. पाशिंजर जागचा हलायचा नाही.

साठी उलटली, मिशी पांढरी झाली, अंगावर मांस नावालाही उरलं नाही, आणि मग ती लघवीची कटकट सुरू झाली. दौलताबादच्या घाटात पूर्वी पाशिंजर गाडी थांबवायला लावायचे. आता डायवरच थांबवायला लागला. बायको आक्काबाईनं त्याला धरूनच दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला, आणि डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं. बाई प्रत्येक वाक्य टाका घातल्यासारखं बोलायच्या. "हे बघा बाबा. गाठ आहे. प्रोस्टेटची आहे. कॅन्सरची आहे. घाबरायचं नाही. ती जागच्या जागी असेल, तर ऑपरेशन करून मोकळे होऊ. बाहेर पडली असेल, हाडाबिडात गेली असेल, तर रस्ता वेगळा. कुठे आहे ते बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मंग बघा की."

"त्यासाठी पीएसएमए नावाचा स्कॅन आहे. शिरेतून एक औषध देतात. ते त्या गाठीच्या पेशींना जाऊन चिकटतं आणि फोटोत चमकतं."

मुंजाबाला हे पटलं. अंधारात घाट उतरायचा तर दिवा पाहिजेच.

पण दिव्याचा पत्ता नव्हता. स्कॅन सेंटरवरून निशा नावाच्या टेक्निशियन पोरीचा फोन यायचा, एका श्वासात, मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. "हॅऽलो काका मी निशा बोलतेय स्कॅन सेंटरवरून जेवलात का बरं ऐका ना उद्याचं जरा पुढे गेलंय मी कळवते हं ठेवते." असं एकदा झालं, दोनदा झालं. मुंबईला चौकशी केली तर तिथंही महिनाभर तारीख नाही. आक्काबाई रोज देवापुढं बसायची आणि उठल्यावर नवऱ्यापुढं. "आवं, तुमी तितं जाऊन इचारा तरी! का फोनच्याच नादी लागून ऱ्हाता?"

मुंजाबा गेला. निशा समोरासमोरही तशीच बोलायची, फक्त हात जास्त हलायचे. "काका, ते औषध आपल्याकडे बनत नाही ना! हैदराबादहून सकाळच्या विमानानं चिकलठाण्याला येतं. आणि ते टिकत नाही. दोनेक तासांत त्याचा जोर निम्मा, आणखी दोनेक तासांत निम्म्याचा निम्मा. एकट्या माणसासाठी मागवलं तर ते लोक पाठवत नाहीत. निदान तीन पेशंट तरी लागतात. दोन वेळा जमले, तर एकाला ताप आला आणि एकाच्या घरी लग्न निघालं."

मुंजाबा तिच्याकडं बघत राहिला आणि मग असा हसला, की बाहेरचा वॉचमन आत डोकावला. "म्हंजी पोरी, सीटा भरल्या नाय म्हनून गाडी सुटंना! आसं सांग की मंग! कवाधरनं पुढं गेलं, पुढं गेलं लावलंया. किती सीटा?"

"तीन."

"भरतो."

"काका, तसं नसतं हो... मला दुसऱ्यांची नावं सांगता येत नाहीत..."

"नावं तुजी तुज्यापाशी ठेव. म्या कदी पाशिंजराला नाव इचारलंय?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात लघवीच्या आजारांची ओपीडी होती. बाकावर बाप्ये बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर फाइल उपडी, प्रत्येकाचे डोळे पंख्याकडं, जणू सगळेच पंखा दुरुस्तीला आलेत. मुंजाबा दारात उभा राहिला, एक हात चौकटीला लावला, अंग बाहेर झुकवलं आणि सोडला आवाज.

"ए प्रोस्टेटऽऽ, प्रोस्टेट-प्रोस्टेट-प्रोस्टेट! स्कॅनवाले स्कॅनवाले! तीन सीट, तीन सीट! हैदराबादचं आवशीद, लग्गेच सुटनार!"

पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. एका म्हाताऱ्यानं फाइल तोंडावर घेतली. आतून सिस्टर धावत आली. "ओ काका! हे काय स्टँड आहे का? बाहेर व्हा! पेशंट आहेत इथं!"

"म्हनून तर हितं आलो, बाई. जितं मानसं तितंच पुकारनार ना."

बाहेर काढलं त्याला. तो गेटाजवळच्या चहावाल्यापाशी जाऊन उभा राहिला, कारण पाशिंजर गर्दीत हात वर करत नाही, मागून हळूच येतो, हे त्याला ठाऊक होतं. अर्धा कप संपायच्या आत एक उंच, वाळका माणूस आला. चिकलठाण्याच्या कंपनीतून निवृत्त झालेले कचरूमामा. आयुष्य मशीनवर गेलेलं, त्यामुळं शरीराबद्दलही ते मशीनसारखंच बोलायचे. "माझा ब्रेकडाऊन झालाय तीन महिने. इंजिन ओके, पाइपलाइनला प्रॉब्लेम. स्कॅन लिहून दिलाय, मटेरियल अव्हेलेबल नाही म्हणतात. तुमची गाडी कुठल्या शिफ्टला?"

"सीट धरा मामा. येक झाली."

दुसरा आला तो झाडाआडून, आजूबाजूला बघत बघत. औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान असलेले गोकुळशेठ, चालले की आधी पोट यायचं आणि मग शेठ. "हे पाहा, बरं का, मला काही नाही. एका मित्राचं विचारतोय, बरं का. त्या मित्राला जर हे करायचं असेल..."

"मित्राला म्हनावं, येक सीट ठेवलीया. पर मित्र दोन सीटांचा दिसतो."

शेठ आधी रागावले, मग पोट हलवत हसले.

तिसरं गिऱ्हाईक शोधायचं कामच नव्हतं. मन्नानचाचा, खुलताबादला दर्ग्याबाहेर फुलं विकायचे आणि मोगरा घ्यायला पहाटे मुंजाबाच्याच जीपनं शहरात यायचे. घाटात गाडी थांबली की डायवर एका झाडाखाली आणि चाचा दुसऱ्याखाली, अशी दोघांची मैत्री. त्यांचीही स्कॅनची चिठ्ठी खिशात घडी होऊन पडली होती. "क्या मियाँ, अपने कू तो सब नक्को नक्को बोलरे. दवा नक्को, तारीख नक्को. तू बुलाया तो हौ, आतौं मैं. पर सुई मेरेकू लई डराती, पैलेच बोलके रखतौं."

मुंजाबानं तिथूनच निशाला फोन लावला. "तीन सीटा फुल्ल!"

पलीकडून आनंदानं किंकाळीच आली. "काऽय सांगता काका! नावं पाठवायला सांगा, मी लगेच मागवते!"

ठरलेल्या दिवशी मुंजाबानं जीप धुतली, हार घातला आणि तिघांना घरोघरी जाऊन उचललं. आक्काबाईनं कपाळाला अंगारा लावला, तो त्यानं आधी जीपला लावला. वाटेत लोक हात करत होते, पण गाडी थांबली नाही. मागं तीन जण ऐसपैस बसलेले, आणि मुंजाबा आरशात ते बघून हळहळत होता, इतकी जागा वाया!

सेंटरवर निशानं फाइली घेतल्या. "कचरूमामा. गोकुळशेठ. मन्नानचाचा. छान. आणि काका, तुमची?"

"माजी काय?"

"फाइल."

"म्या तर डायव..." आणि मुंजाबाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

उभ्या आयुष्यात त्यानं सीटा मोजताना डायवरची कधी मोजली नव्हती. कुठला डायवर मोजतो? पाशिंजर मोजायचे, स्टेअरिंगवर बसायचं, निघायचं. ज्या स्कॅनसाठी त्यानं एवढं गाव गोळा केलं, त्यात तो स्वतःच नव्हता. निशाच्या यादीत दोनदा पुढं ढकललेलं त्याचं नाव वर होतं, म्हणून तिनं ते या तिघांतलंच धरलं, आणि त्याच्याशिवाय तीन नावं आल्यावरही त्या आनंदात मोजणी तपासली नाही. औषध आलं होतं तिघांपुरतं.

"मैं उतरतौं," मन्नानचाचा लगेच उठले. त्यांना तशीही सुई नको होती.

"मी रिटायर माणूस, मी नेक्स्ट शिफ्टला येतो," कचरूमामा म्हणाले.

गोकुळशेठ पंख्याकडं बघत होते. मग तेही घसा खाकरून म्हणाले, "तसं माझ्या त्या मित्राला, बरं का, एवढी घाई नाही."

"बसा!" मुंजाबा स्टँडवरच्या आवाजात ओरडला. "बसलेला मानूस उतरवायचा नाय. माजी गाडी हाय." बोलला खरा, पण मग तोच भिंतीला टेकून खाली बसला. पुन्हा फोन, पुन्हा पुढं गेलं, आणि तोवर ती गाठ कुठं निघून गेली तर? आक्काबाईला काय सांगायचं? स्वतःची सीट मोजायची राह्यली म्हणून?

निशा धावत आतल्या डॉक्टरांना घेऊन आली. हे डॉक्टर फार हळू बोलायचे, जणू प्रत्येक शब्द आधी तपासून बघतायत. "विमान... आज... वेळेवर आलंय. उशीर धरून आपण नेहमी थोडं जास्त मागवतो. आणि डोस वजनावर असतो. निशा, सगळ्यांची वजनं घे."

कचरूमामा काट्यावर चढले, काटा जेमतेम हलला. मन्नानचाचा चढले, तर निशानं काटा चालू आहे ना ते तपासलं. मुंजाबाचं वजन कुणाच्याच लक्षात येण्यासारखं नव्हतं. आता सगळे शेठकडं बघायला लागले. शेठनी चप्पल काढली, पट्टा काढला, घड्याळ, अंगठ्या, मोबाइल, खिशातला चष्मा, सगळं काढून ठेवलं आणि श्वास रोखून चढले.

"शेठ, श्वास धरून वजन कमी होत नाय," मुंजाबा म्हणाला.

"प्रयत्न करायला काय हरकत आहे, बरं का?"

डॉक्टरांनी हिशेब केला. "जमू शकतं. पण... एकामागोमाग एक. थांबायचं नाही. औषध ताजं आहे तोवर मोठं माप आधी."

मोठं माप म्हणजे शेठ. ते दारातच अडले, "माझी शीर सापडत नाही, बरं का!" आणि मुंजाबाला राहवलं नाही. "चलाऽ चला-चला-चला! शेठ, सरका पुढं! मागं गाडी लागलीया! हां, मामा तयार! चाचा, डोळे मिटा आन् बाही वर करा! सरका, सरका, सरका!" चाचा "या अल्ला" म्हणेपर्यंत सुई निघालीसुद्धा. इथल्या सिस्टरनंही "स्टँड आहे का हे" म्हणायला तोंड उघडलं, पण डॉक्टरांनीच तिला हातानं थांबवलं.

शेवटी मुंजाबा. निशानं उरलंसुरलं औषध सिरिंजमध्ये ओढलं आणि मोजायच्या यंत्रात ठेवलं. बाकीचे तिघं आपापल्या खोल्यांच्या दारांतून माना काढून बघत होते. पहिल्यांदाच ती पोरगी गप्प होती.

"निशे, बोल की गं! बसतंय का?"

"बसतंय काका," ती म्हणाली. "अगदी कडेला, पण बसतंय."

"म्या म्हनलं नव्हतं? समदं बसतंय!"

तासाभरानं त्याला त्या यंत्राच्या फळीवर निजवलं आणि फळी आपोआप आत सरकायला लागली. मुंजाबाचा उजवा पाय सवयीनं ब्रेक शोधत राहिला. "काका, पाय हलवू नका," निशाचा आवाज आला. "मी चालवतेय."

रिपोर्ट घ्यायला आक्काबाई बरोबर होती, नवऱ्याचा सदरा मुठीत धरून. डॉक्टरीणबाईंनी फोटो पडद्यावर लावला. काळ्या-पांढऱ्या शरीरात मधोमध एक छोटासा ठिपका लखलखत होता. बाकी सगळीकडं शांत.

"दिसतंय बाबा? फक्त इथं. हाडात नाही. बाहेर कुठंही नाही." आणि बाईंच्या टाके घातलेल्या बोलण्यातला एक टाका सुटला, त्या हसल्याच. "तुमच्याच भाषेत सांगायचं तर, गाडी अजून स्टँडवरच उभी आहे. निघालेली नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून टाकू."

आक्काबाईनं डोळ्याला पदर लावला. मुंजाबा त्या लखलखत्या ठिपक्याकडं डोळे बारीक करून बघत राहिला, जसा तो समोरच्या रिकाम्या जीपकडं बघायचा तसा.

"निगंल कशी, बाई?" तो म्हणाला. "सीटा भरल्या नसत्याल!"