आकडा सुधारेपर्यंत

अतिदक्षता विभागातल्या मोठ्या डॉक्टरांना सगळे पाठीमागे ‘बघू’ म्हणत. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, अशी ख्याती होती. मात्र रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घसरलेल्या रुग्णाला त्यांनी सुई लावल्याचा साक्षीदार शोधूनही सापडत नसे. अशा रुग्णांसाठी त्यांची रीत ठरलेली: आधी प्लेटलेटची पिशवी चढवायची, मग रक्त तपासायला पाठवायचे, मग अहवालाची वाट पाहायची. अहवाल येईपर्यंत रुग्णाची सुजलेली प्लीहा त्या प्लेटलेट गिळून ढेकर देई आणि आकडा ये रे माझ्या मागल्या. मग दुसरी पिशवी. याला ते सावधगिरी म्हणत. व्याख्यानांत मात्र ठासून सांगत, “उपचार माणसावर करा, आकड्यावर नव्हे.” टाळ्या पडत.

अशातच त्यांची सख्खी आत्या तिथे येऊन पडली. यकृत थकलेले, प्लेटलेट घसरलेल्या, रक्तदाब ढासळलेला. दाब सावरणारे औषध हाताच्या उरल्यासुरल्या एका शिरेतून कसेबसे चालले होते; दुपारी तो हातही सुजला. आता मानेतून नळी गेली नाही, तर आत्या हातची जाणार होती.

“पिशवी संपू दे,” डॉक्टर म्हणाले. “रिपोर्ट आला की ठरवू.”

त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता सहकारी, सोनोग्राफीचे यंत्र ढकलत आली. “सर, दाब रिपोर्टसाठी थांबणार आहे का? पिशवी चालू आहे तोवरच सुई घालू. मानेत रक्त आलंच तर बोटानं दाबता येतं. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवणं वेगळं गं.”

आत्याने डोळे किलकिले केले. “लग्नाच्या वेळीही तू असाच घोळ घातलास. मुलगी कंटाळून दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली. मी कुठं जाणार, ते तुला ठाऊक आहे.”

“आत्या, रक्त थांबलं नाही तर?”

“आणि तू हललाच नाहीस तर?”

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. पडद्यावर शीर काळ्या वर्तुळासारखी दिसली. एकाच टोच्यात सुई आत गेली, पाठोपाठ तार, मग नळी. कडेने रक्ताचा ओघळ आला. त्यांनी बोळा दाबून धरला. औषध सुरू झाले, दाब हळूहळू चढू लागला, ओघळही थांबला. डॉक्टर दाबतच राहिले.

“अरे, मान आहे ती, उशी नव्हे,” हिरव्या कापडाखालून आवाज आला. “सोड आता.”

त्यांनी एक बोट उचलले, वाकून खाली पाहिले आणि ते पुन्हा जागच्या जागी ठेवले.