खालच्या ड्रॉवरमधली शेड

"तिलाच बसव. तिच्यावर फरक उठून दिसतो."

पडद्यापलीकडून मॅडमचा आवाज आला. मी बेसिनपाशी स्पंज धूत होते. 'ती' म्हणजे मी, हे नाव न घेताच कळलं. वर्गात आम्ही आठ मुली होतो. बाकी सात जणींवर फरक एवढा उठून दिसला नसता.

नगरमधलं पार्लर. मागच्या खोलीत मेकअपचा तीन महिन्यांचा कोर्स चालायचा. पहिल्या दिवशी मॅडमनी माझं आडनाव विचारलं. मग गाव. भिंगार, म्हणाले. "ते नाही. मूळ गाव." पाथर्डीकडचं, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "अच्छा." एवढंच. त्या 'अच्छा'नंतर मला दाराजवळची खुर्ची मिळाली आणि स्पंज धुण्याचं काम. बाकीच्या आपापले ब्रश धुवायच्या. मी सगळ्यांचे स्पंज. का, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तर त्या दिवशी मला आरशासमोर बसवलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, नाकावरून, कागदी चिकटपट्टी लावली. याला हाफ फेस म्हणतात. चेहऱ्याची एक बाजू करायची, दुसरी तशीच ठेवायची, म्हणजे शिकणाऱ्यांना फरक कळतो. पद्धत सगळीकडे आहे. पद्धतीचा मला राग नाही. मॅडमनी माझ्या डाव्या गालावर बोट ठेवलं. "ही आहे आपली अडचण." मग उजव्या गालावर. "आणि इथे आपण ती सोडवणार."

मुली वहीत लिहीत होत्या.

"अशी स्किन आली की दोन शेड वर जायचं. फोटोत गोरी दिसली पाहिजे, नाहीतर मुलीची आई आपल्यालाच बोलते." त्यांनी फाउंडेशन माझ्या मनगटावर लावून पाहिलं, मान डोलावली आणि अर्ध्या चेहऱ्यावर घासायला सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, अर्धी सासरी पाठवा, अर्धी माहेरी राहू दे." सगळ्या हसल्या. मीही हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

"इंग्लिश मीडियमची ना गं तू? मग बोल की काहीतरी. कसं वाटतंय?"

"नाइस," मी म्हणाले.

फोटो निघाले. तेवढ्यात पुढच्या खोलीत एक नवरी आली, मॅडम उठून गेल्या. बेसिनपाशी आता एका बाईंचं फेशियल चालू होतं, तिकडे जायची सोय नव्हती. वर्ग सुटला. मी ओढणी गुंडाळून भिंगारच्या शेअर रिक्षात बसले. ओढणी वाऱ्याने सरकत होती. शेजारी भाजीची पिशवी घेऊन एक म्हातारी बसली होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"पोरी, पीठ सांडलंय व्हय तोंडावर?"

मी ओढणी पुढे ओढली.

"एका अंगालाच सांडलंय बघ," म्हणाली, आणि पदराच्या टोकाने माझा गाल पुसायला लागली. पदराला मेथीचा वास येत होता. मी पुसू दिलं. पूर्ण निघालं नाही.

घरी आईने पाहिलं. "तोंड धू आधी," म्हणाली. पुढे काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. वडील लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी, सिव्हिलियन स्टाफ. त्यांच्यामुळेच मला इंग्रजी शाळा मिळाली. शाळेत गॅदरिंगला दरवर्षी निवेदन माझ्याकडे असायचं. उच्चार स्वच्छ होते ना. स्टेजच्या बाजूला, पडद्याआड उभं राहून मी बोलायचे. सात वर्षं लोकांनी माझा आवाज ऐकला आणि टाळ्या दुसऱ्यांच्या चेहऱ्यांना वाजवल्या. तेव्हा मला तो मान वाटायचा.

संध्याकाळी मॅडमच्या स्टेटसवर माझा फोटो होता. डोळे मिटलेले, चेहरा दुभागलेला. खाली लिहिलं होतं, 'मॅजिक'. तो मी किती वेळा उघडून पाहिला ते सांगत नाही. पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. मॅडमची बाजू सुंदर नव्हती. ती राखाडी होती. म्हातारी बरोबर बोलली होती. पीठ.

दुसऱ्या दिवशी मी भिंगारच्या बाजारात कटलरीच्या दुकानात गेले आणि गडद शेड मागितल्या. दुकानदार म्हणाला, "त्या नाही ठेवत ताई. कोण घेतं? मागवाव्या लागतील." मागवा, म्हणाले. आठ दिवसांनी तीन छोट्या ट्यूब आल्या.

आमच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी तिथे आरसा टेकवून बसायचे. मनगटावर शेड बघायची नाही, हे मी तिथे शिकले. मनगट बाहीत असतं आणि चेहरा उन्हात. ट्यूबलाइटखालीही नाही. जबड्याच्या कडेला, मानेलगत, तीन शेडच्या तीन बारीक रेघा ओढायच्या आणि चहा उकळेपर्यंत थांबायचं, कारण वाळल्यावर रंग बदलतो. जी रेघ दिसेनाशी होते ती आपली. एका सकाळी मी चहा घेऊन आले तर दोनच रेघा होत्या. तिसरी, सगळ्यात गडद, सापडेना. आरशाला नाक लागेपर्यंत शोधली. मग रडू आलं. कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी माझा रंग तयार केला होता, त्याला नंबर दिला होता. म्हणजे तो रंग होता. अडचण नव्हती.

मग बाकीचं सुचत गेलं. आधी मॉइश्चरायझर, आणि ते मुरेपर्यंत दम धरायचा. फाउंडेशन वाटाण्याएवढं पुरतं. नाकापाशी सुरुवात करून बाहेर न्यायचं. स्पंज ओला करून घट्ट पिळायचा, आणि घासायचा नाही, थापायचा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकायला फिकट कन्सीलर लावला की राख फासल्यासारखं दिसतं. आधी नारिंगी करेक्टरचा टिपका, वर आपल्या रंगाचा कन्सीलर. पावडर फक्त नाक, कपाळ, हनुवटी, जिथे घाम येतो तिथे. नगरच्या उन्हात सगळ्या तोंडाला फासली तर दुपारपर्यंत भेगा पडतात. शेवटी मान बघायची. चेहरा आणि मान एकाच माणसाची दिसली पाहिजे.

हे रोज करायचे. कुणाला दाखवायला नाही. दाखवायला कुणी नव्हतं. करून, बघून, धुऊन टाकायचे आणि कोरा चेहरा घेऊन क्लासला जायचे.

कोर्स संपत आला तेव्हा मॅडमनी मला ड्रॉवर पुसायला सांगितले. वरच्या ड्रॉवरमधल्या फिकट बाटल्या तळापर्यंत पिळलेल्या. सगळ्यात खालचा ड्रॉवर कुणी उघडत नसावं, तो अडकला होता. ओढून उघडला. आत चार गडद बाटल्या, धूळ खात पडलेल्या. कंपनीकडून सेट पूर्ण येतो. चारही सील शाबूत. एकीवर माझ्या ट्यूबचाच नंबर, कंपनीही तीच.

मी तिथे फरशीवर बसून राहिले. मला माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचा अल्बम आठवला. त्यात तिचे मेंदीचे हात तिचेच आहेत. चेहरा दुसऱ्याच कुणाचा आहे. तिने तो अल्बम कपाटात खाली, साड्यांच्या तळाशी ठेवलाय. आमच्याकडच्या किती मुली या आरशासमोर बसल्या असतील. कुणासाठीही हा ड्रॉवर उघडला नाही. आणि किती जणी म्हणाल्या असतील, 'छान झालंय मॅडम.' मी 'नाइस' म्हणाले होते तसं.

बाटली पुसली. जागेवर ठेवली.

शेवटचा दिवस. सर्टिफिकेटांवर मॅडमची सही व्हायची होती, कागद टेबलावर होते. सर्टिफिकेट नसेल तर दुसऱ्या पार्लरमध्ये कुणी उभं करत नाही. त्याच दिवशी नवी बॅच सुरू झाली. नऊ नव्या वह्या. मॅडम मला म्हणाल्या, "सही करते गं तुझ्या कागदावर. आधी ये, बस." मग नव्या मुलींकडे वळून, "हिच्याइतका चांगला डेमो कुणावर होत नाही."

बसले. पट्टी लावली. फिकट बाटली उघडल्याचा आवाज आला. मॅडमचं बोट माझ्या डाव्या गालाकडे आलं. "ही आहे आपली..."

मी पट्टी धरून ओढली. नाकावरची लव तिच्याबरोबर निघाली. दुखलं. मला माझा आवाज ऐकू आला, गॅदरिंगसारखा स्वच्छ, पण या वेळी मध्ये पडदा नव्हता.

"मॅडम, ही माझी शेड नाही. माझी खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. तिचं सील तुम्ही फोडा, नाहीतर मी फोडते. आणि लावायची तर पूर्ण चेहऱ्याला."