पांढरं फडकं बांधलेलं झाड

अझेनोरला काम अर्धवट सोडता येत नसे. घराची भिंत रंगवायला घेतली, की शेजारच्या कोंबड्यांचं खुराडंही रंगून निघे. आयुष्य कोकोच्या बागेत छाटणी करण्यात गेलं, आणि त्याने छाटलेल्या झाडावर पुन्हा कोयता फिरवायची वेळ कुणावर आली नाही. अशा माणसाच्या हातात हातमोजे, बादली आणि चुन्याचं पोतं पडलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी घाबरायला हवं होतं.

मोहीम आफ्रिकी गोगलगायींविरुद्ध होती. कुण्या शहाण्याने त्या खायला म्हणून आणल्या, कुणी विकत घेईना तेव्हा रानात सोडून दिल्या, आणि आता त्या भाजीचे वाफे फस्त करत होत्या, रोगही पसरवत होत्या. रविवारी सगळ्या गावाने मिळून वेचायच्या आणि चुन्याच्या खड्ड्यात पुरायच्या, असं ठरलं. बाकीचे जमिनीवरच्या वेचून जेवायला गेले. अझेनोर शिडी घेऊन आला. फणसावर, कोकोला सावली धरणाऱ्या उंच झाडांवर बारीक, पांढुरक्या, तपकिरी पट्ट्यांच्या गोगलगाई चिकटलेल्या होत्या. ही त्यांचीच पिल्लं, असं त्याने परस्पर ठरवलं आणि बादल्या भरल्या.

एकच झाड राहिलं. नदीकाठच्या गामेलेइराला, वडासारख्या त्या जुन्या झाडाला, पांढरं फडकं बांधलेलं होतं. ते झाड इरोको देवाचं, त्याचं पानसुद्धा कुणी तोडत नाही. अझेनोरने तिथेही शिडी टेकवली, तर बायको दुर्वालिना आडवी आली. गोगलगाय म्हणजे ओशाला देवाचा बैल, तिला हात लावशील तर घरात पाऊल टाकू नकोस, असं तिने सुनावलं.

"उद्या गावात रोगराई झाली तर तुझा देव बघेल का?"

"माझा देव बघेल. तू आधी शिडी उचल."

त्याने शिडी उचलली, पण तोंड फुगवलं ते फुगवलंच. त्या वाटेने जाणंही सोडून दिलं.

पुढच्या वर्षी साल्वादोर शहरातून झुसियारा नावाची तरुण संशोधक आली आणि त्यांच्याच घरी उतरली. दुर्वालिना तेव्हा देवाच्या उत्सवासाठी बहिणीच्या गावी गेली होती. कॉफी पिता पिता झुसियाराने टेबलावर पांढुरक्या, तपकिरी पट्ट्यांच्या एका शंखाचा फोटो ठेवला. फार पूर्वी कुणीतरी एका रिकाम्या शंखावरून या गोगलगायीला वेगळी जात म्हणून नाव दिलं होतं. मागाहून दुसऱ्याने म्हटलं, वेगळी कसली, नदीच्या उत्तरेला राहते तिचंच हे रूप. शंख दोघींचे सारखे, त्यामुळे खरं काय ते जिवंत गोगलगायीच्या पोटातले अवयव पाहूनच कळणार होतं. आणि नदीच्या या अंगाला ती जिवंत अशी कुणी पाहिलीच नव्हती.

अझेनोरने फोटो जवळ ओढला. "बाई, या मी मारल्या," तो म्हणाला.

खड्ड्याच्या कडेला तुटके शंख सापडले. झुसियाराने एकाच्या तोंडावरून अंगठा फिरवला. आफ्रिकीची कड पातळ आणि धारदार असते, हिची बाहेर वळलेली होती. "ही तर आपलीच," ती एवढंच बोलली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दोघांनी सगळी बाग पालथी घातली. फणसावर काही नाही, कोकोवर काही नाही. गामेलेइराचं त्याने तिला सांगितलं, पण त्यावर गोगलगाई होत्या की नव्हत्या, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शिवाय दुर्वालिनाला विचारल्याशिवाय तिथे जायची त्याची छाती नव्हती. एक अख्खी जात आपल्या बादलीत संपली, या विचाराने त्याला घास उतरेना.

शुक्रवारी दुर्वालिना परतली. सगळं ऐकून घेतलं, टोमणा मात्र मारला नाही. ओशालाचा वार म्हणून अंगावर पांढरे कपडे होतेच, तशीच ती दोघांच्या पुढे चालू लागली. झाडाशी वाकून तिने जमिनीला हात लावला, परवानगी मागितली. रात्रीच्या पावसाने पानं ओली होती. झुसियारा खालच्या फांदीशी वाकली. अझेनोर नदीकडे तोंड करून उभा राहिला, कारण बघवत नव्हतं.

"अझेनोरकाका, जरा अंगठा द्या इकडे."

तिने त्याचा अंगठा धरून पानाखालच्या शंखावर टेकवला. कड बाहेर वळलेली होती. आतला जीव अंग चोरून आत गेला. शेजारच्या पानाखाली आणखी होत्या, वरच्या फांदीवर तर कितीतरी.

अझेनोरचा जीव भांड्यात पडला. तो मटकन झाडाच्या मुळावरच बसला, आणि मूळ कुणाचं ते आठवताच झटकन उठला. झुसियारा हसता हसता डोळे पुसत होती. दुर्वालिनाने तिला थोड्या गोगलगाई न्यायला दिल्या, झाडाला विचारूनच. ती जात वेगळी की नाही, हे साल्वादोरला गेल्यावर कळणार होतं. पण नदीच्या या बाजूला ती जिवंत आहे, ही खूण नकाशावर त्याच दिवशी झाली.

परतताना दुर्वालिना म्हणाली, "जन्मात एकच काम अर्धवट सोडलंस, तेही मी आडवी आले म्हणून."

"बरं झालं आडवी आलीस," अझेनोर म्हणाला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे तो तिला पहिल्यांदाच म्हणत होता.